मंगळवारी तुझा फोन का कापला, त्याचा खुलासा

तीर्थरूप मावशी,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (शाळेत पत्रलेखनाला पाच गुण असायचे तेव्हा हे वाक्य पाठ केलं होतं. आज पहिल्यांदाच त्याचा अर्थ कळतो आहे. डोकं तिथेच ठेवून द्यावं आणि तू "ऊठ आता" म्हणेपर्यंत वर करू नये, असं वाटतंय.)

तुझी तब्येत कशी आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. गेल्या वर्षभरात तुझ्या तब्येतीविषयी मी इतक्या लोकांना इतकं काही सांगितलं आहे की त्यातलं खरं काय ते मलाही कळेनासं झालंय. मनगट बरं आहे ना? गच्चीवरची डब्यांतली झाडं? आणि तुझी शेजारीण अजून दिवसभर फोनवर व्हिडिओ बघत बसते का? तिला माझा नमस्कार सांग. किंवा नको सांगूस, आधी पुढचं वाच.

मंगळवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी तू मला फोन केलास आणि मी तो कापला. वाजून वाजून थांबला असं नव्हे, कापला. तू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला यंत्र लावून दुसऱ्यांचे फोन जोडून देण्यात घालवलीस, या दोहोंतला फरक तुला मी काय सांगणार. त्याचा खुलासा फोनवर करायला गेलो तर तू "बोल रे" म्हणशील आणि तेवढ्यानेच माझी बोबडी वळेल, म्हणून हे पत्र.

मी काय काम करतो ते आधी नीट सांगायला हवं. आई सगळ्यांना सांगते की तो फोनच्या दुरुस्तीत आहे, त्यामुळे घरी गेलो की नातेवाईक फुटलेल्या काचा माझ्यापुढे आणून ठेवतात. तसं नाही. आमची संस्था तरुण मुलांसाठी आहे. फोनच्या बाहेरही मुलांचं थोडं आयुष्य उरावं, झोप पुरी व्हावी, मनात काही सलत असेल तर ते कुणा जिवंत माणसापाशी बोलून टाकावं, यासाठी आम्ही शाळाशाळांतून जातो. काम चांगलं आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे येणार आहे त्यात काम कुठेच वाईट नाही, माणूस वाईट आहे.

आमच्याकडे दोन नियम आहेत. पहिला असा की उपदेश सुरू करण्याआधी बोलणाऱ्याने स्वतःची एक खरी गोष्ट सांगायची, सात मिनिटं. दुसरा असा की मुलांनी आपले फोन पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि बोलणाऱ्याने आपला फोन प्रोजेक्टरला जोडून पूर्ण वेळ भिंतीवर उघडा ठेवायचा. आठवड्यात किती तास फोन बघितला तो आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे, म्हणजे हे लोक नुसतेच नाकाने कांदे सोलत नाहीत याची मुलांना खात्री पटते. (याला आम्ही "काचेचा फोन" म्हणतो. कल्पना माझी. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, मी तो आधी अर्ज करून मंजूर करून घेतला.)

माझी खरी गोष्ट तुझीच होती. तुझ्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, झडप कुठली फिरवायची ते तुला आठवेना, म्हणून तू मला पाच वेळा फोन केलास. मी पाचही वेळा पडद्यावर तुझं नाव बघितलं आणि पाचही वेळा एका मांजराचा व्हिडिओ पुरा बघून मग उचलू म्हटलं. (मांजर कपाटावरून उडी मारणार होतं. शेवटपर्यंत मारली नाही.) तू स्टुलावर चढून झडप बंद केलीस, उतरताना पडलीस, मनगट मुरगळलं, आणि हे मला आठ दिवसांनी आईकडून कळलं, कारण तू त्यावर अवाक्षर काढलं नाहीस. ही गोष्ट मी गेल्या वर्षी पहिल्यांदा एका शाळेत सांगितली. ऐंशी मुलं होती. मनगटापाशी येऊन मी थांबलो, म्हटलं आता सगळे गलबलून जातील. कुणीतरी जांभई दिली. पहिल्या बाकावर चष्मा लावलेली एक मुलगी होती, तिने मात्र अगदी मनापासून विचारलं, "मग काय झालं, सर?"

मावशी, त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की मग पट्टी बांधली. तेवढंच झालं होतं आणि तेवढं पुरेसं होतं. पण ती ऐंशी तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "मग ती गेली."

मागच्या रांगेतल्या दोन धटिंगणांनी चोरून ठेवलेले फोन आपण होऊन पेटीत आणून टाकले. एका शिक्षकाने बाहेर जाऊन आपल्या आईला फोन लावला. मी मुलांना जे सांगत फिरतो, की लोकांच्या कौतुकाची चटक लागली की ती सुटत नाही, मन खोटं बोलायला लागतं, ते सगळं मला त्या क्षणी झालं आणि मला कळलंसुद्धा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. दुसऱ्या शाळेत तुला हृदयविकार झाला. चौथ्या शाळेत तू रुग्णालयाच्या पायऱ्यांवर माझी वाट बघत बसलीस. आठव्या शाळेपासून तू माझ्यासाठी एक शेवटचा निरोप ठेवून जाऊ लागलीस, "बाळा, वेळ मिळाला की बोल." (तू मला जन्मात कधी बाळा म्हणाली नाहीस, पोपट म्हणतेस. पण "पोपटा, वेळ मिळाला की बोल" म्हटल्यावर मुलं रडली नसती.) अशा एकतीस शाळा झाल्या. एकतीस वेळा मी तुला मारलं आणि एकतीस वेळा टाळ्या घेतल्या. हे वाक्य लिहिताना माझे कान तापले आहेत.

आमच्याकडे एक समुपदेशक आहेत. मुलं मनातलं बोलतात आणि ते ऐकतात, मध्येमध्ये फक्त "हं" म्हणतात, म्हणून आम्ही त्यांना हंकाका म्हणतो. माझी गोष्ट सात-आठ वेळा ऐकल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तुमचं दुःख आत साचून राहिलेलं दिसतंय, दर सोमवारी अर्धा तास येऊन बसत जा. नाही कसं म्हणणार? सहा सोमवार मी त्यांच्यासमोरच्या वेताच्या खुर्चीत बसून, तू नसल्याचं दुःख कसं वाटतं ते सांगितलं. पहिले पाच सोमवार जमेल तसं निभावलं. सहाव्या सोमवारी त्यांनी विचारलं, शेवटचं कधी बोलणं झालं होतं? मी मनात हिशेब केला, मनगटानंतर दोनदा, तेही तूच केलेल्या फोनवर, त्यालाही सात महिने होऊन गेलेले. आणि मी हमसून हमसून रडलो. हंकाका म्हणाले, "हं. आता सुटतंय." तिथून तुला फोन करावा असं वाटलं होतं. केला नाही. इतक्या दिवसांनी काय बोलायचं याची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी काय करतो हे तुला माहीतच आहे: मांजराचे व्हिडिओ बघतो.

आता मंगळवार. वर्ष झालं म्हणून आम्ही त्याच पहिल्या शाळेत पुन्हा गेलो होतो. प्रोजेक्टर लावला, फोन जोडला. कार्यक्रमाआधी फोनचा आवाज आणि येणारे कॉल बंद करून ठेवायचे असतात. पण संस्थेने माझ्या भाषणाचा व्हिडिओ इंटरनेटवर टाकलेला आहे आणि त्याखाली "डोळे पाणावले" असं कुणीतरी लिहिलं होतं. त्या माणसाचे आभार मानण्यात मी दारात पाऊल टाकेपर्यंत गुंतलो होतो, त्यामुळे ते राहिलं. तू रुग्णालयाच्या पायऱ्यांपर्यंत पोचली होतीस. मुलांचे डोळे भरून आले होते. आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागच्या भिंतीवर तू उगवलीस.

तुझा तो झाडांना पाणी घालतानाचा फोटो आहे ना, पाइप हातातून निसटलेला आणि तू तोंड उघडून हसते आहेस, तो. बारा फूट रुंद. खाली अक्षरं, "मावशी". आणि सभागृहातले चारही भोंगे वाजायला लागले.

मुख्याध्यापकांनी खुर्चीचा हात धरला. मग पहिल्या बाकावरून तीच चष्मेवाली, आता एक वर्षाने मोठी, हळूच म्हणाली, "सर, उचला ना." तिच्या मागून दुसरं कुणी, मग तिसरं, आणि बघता बघता सगळं सभागृह ओरडायला लागलं, "उचला! उचला!" विचार कर मावशी. ज्या मुलांना मी सांगत होतो की आपल्या माणसाचा फोन आला तर हातातलं टाकून उचला, ती मुलं मला तेच सांगत होती. आणि मी तुला कापलं.

कापल्यावर मिनिटभराने भिंतीवर अक्षरं आली: मावशी, न घेतलेले कॉल तेवीस, न ऐकलेले निरोप सतरा. माझं पितळ दीडशे जणांसमोर इतक्या मोठ्या अक्षरांत उघडं पडलं होतं. अजूनही वेळ होती. पण एक खोटं झाकायला दुसरं लागतंच. मी म्हणालो की मावशीचा फोन आता काका वापरतात. (माफ कर. तू जन्मभर लग्न केलं नाहीस, आणि त्या घाईत मी तुझं लग्नही लावून दिलं. काकांचा स्वभाव चांगला ठेवला आहे.)

मुलांचा विश्वास बसला, आणि तिथेच मी मेलो. बाहेर पडताना त्या चष्मेवालीने वहीच्या कागदाची घडी माझ्या हातात दिली. ती मी या पत्राबरोबर पाठवणार होतो, पण माझ्याने ती हातातून सोडवत नाही, म्हणून उतरवून काढतो: "सर, तुमच्या मावशींचं ऐकल्यापासून मी रोज शाळेतून घरी गेल्यावर आजोबांना फोन करते. ते एकटे असतात. तुमचे काकापण आता एकटेच असतील. त्यांचे सतरा निरोप प्लीज ऐका."

तीस वर्षांत तुझ्याकडून कधी चुकीच्या ठिकाणी फोन जोडला गेला आणि तिथली माणसं एकमेकांशी छान बोलायला लागली, असं झालं होतं का? झालं असेल तर तू काय करायचीस? मध्येच तोडायचीस, की बोलू द्यायचीस? ते आजोबा रोज चार वाजता फोनची वाट बघत असणार. मी खरं सांगितलं आणि त्या मुलीने आजोबांना फोन करणं सोडलं तर ते कुणाच्या माथी? आणि नाही सांगितलं तर तिच्यासमोर पुन्हा कुठल्या तोंडाने उभा राहू? माझ्याकडून तुझा फार मोठा अपराध झाला आहे आणि तो कबूल करावा, एवढ्यासाठीच हे पत्र. दुसरा काही हेतू नाही. मनाला लावून घेऊ नकोस असं म्हणायचा मला अधिकार नाही. लावून घे.

तुझा नालायक
पोपट

ता. क. १ – एक बारीकसं काम होतं. तुझा एखादा बरा फोटो असेल तर पाठवशील का? पाइपचा नको. आमच्या कार्यालयात मागच्या बाजूला मुलांना निवांत बसून बोलता यावं अशी एक खोली तयार झाली आहे, भिंतींना फिका हिरवा रंग, दोन सोफे, एक टेलिफोन जो वाजला की कुणीतरी उचलणारच. संचालकबाईंनी तिला "मावशीची खोली" नाव द्यायचं ठरवलंय आणि पुढच्या शनिवारी उद्घाटन आहे. फोटोत तू जरा थकलेली वगैरे दिसत असलीस तर उत्तम. आणि शनिवारपर्यंत अनोळखी नंबर उचलू नकोस. (वरच्या चार पानांनंतर ही ओळ लिहिणारा माणूस किती कोडगा असेल, हे मला कळतंय. पण ते मला लिहिताना कळलं नाही, लिहून झाल्यावर कळलं. माझं सगळंच असं होतं.)

ता. क. २ – फोटो पाठवू नकोस. मंगळवारचं कानावर गेल्यावर आज सकाळी संचालकबाईंनी बोलावलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या नोकरीचा अर्ज टेबलावर ठेवला, जो मी याच महिन्यात नव्याने भरून दिला होता. "अडचणीच्या वेळी कुणाला कळवावं" या रकान्यात माझ्याच अक्षरात तुझं नाव आणि नंबर. त्या एवढंच म्हणाल्या, "अडचण आली तर आम्ही यांना कळवायचं ना?" मी मान खाली घातली ती अजून वर आलेली नाही. येत्या मंगळवारी त्याच शाळेत, त्याच मुलांसमोर खरं सांगायचं आहे. नोकरीचं त्यानंतर बघू म्हणाल्या. शेजारी हंकाका उभे होते. ते पहिल्यांदाच "हं" म्हणाले नाहीत, त्याचं मला सगळ्यात वाईट वाटलं.

तेव्हा खरी विनंती ही: मंगळवारी येशील? माझी बाजू घ्यायला नको. नुसती दारातून आत ये आणि बस. मुलांना तू दिसलीस की मी पुन्हा काही वाढवून सांगू शकणार नाही. मी झडप सांगेन, मांजर सांगेन, मनगट सांगेन, आणि "मग काय झालं?" असं विचारलं तर पट्टी बांधली म्हणून सांगेन.

ता. क. ३ – हे पाकिटात घालण्याआधी त्या मुलीचं ऐकलं. नव्या खोलीत, सोफ्यावरचा प्लास्टिकचा कागदही अजून काढलेला नाही, त्यावर बसून तुझे सतराच्या सतरा निरोप ऐकले. पहिल्या चारांत तू कुठलं बटण दाबायचं तेच विचारते आहेस. सहाव्यात माझा जुना स्वेटर सापडलाय. नवव्यात नुसताच नळाचा आवाज. आणि अकरावा, पाच महिन्यांपूर्वीचा, तो शब्द न् शब्द लिहितो:

"अरे पोपटा, शेजारणीने तुझं ते भाषण दाखवलं. चांगलं बोलतोस. ती रडली, मग मीपण थोडी रडले, म्हटलं बिचारी गेली. फक्त ते हृदयविकाराचं काढून टाक, आपल्या घराण्यात कुणाला नाहीये. बाकी तुझं चालू दे. काही काम नव्हतं. मी आहे अजून, एवढंच सांगायला फोन केला."

त्यानंतरच्या सहाही निरोपांत एकच वाक्य आहे. "मी आहे अजून." मंगळवारचा सोडून, मंगळवारी तू काहीच बोलली नाहीस. फक्त श्वास ऐकू येतो, आणि मग तू ठेवतेस.

पाच महिने तुला सगळं माहीत होतं. ही एवढी पानं मी कुणाला सांगत बसलो?

ता. क. ४ – आत्ताच फोन लावला. दोनदा वाजला आणि तू कापलास. थांबला नाही, कापलास, त्यातला फरक मलाही आता कळतो. म्हणजे तू आहेस, ठणठणीत आहेस आणि रागावलेली आहेस. कुणी माझा फोन कापला म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. त्या हिरव्या खोलीत मी एकटाच मोठ्याने हसलो, मग बराच वेळ डोळे पुसत बसलो.

हे पत्र टपालात टाकत नाही. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने मीच घेऊन येतो. तू आत बसून वाच, मी पायरीवर बसतो, किती वेळ लागेल तेवढा लागू दे. (माझा फोन इथेच पत्र्याच्या पेटीत ठेवून येतोय.) तू माझा फोन उचलू नकोस, मावशी. वाचून झालं की दार तेवढं उघड.